लाटे आर्टसाठी दूध कशाने फेसाळायचं: स्टीम वाँड, फ्रेंच प्रेस की बॅटरीवरचा फ्रॉदर?

घरच्या कॉफीवर दुधाच्या फेसाने बदाम काढायचा, म्हणजेच लाटे आर्ट करायची म्हटलं की पहिली चौकशी कॉफी मशीनची होते. पण बदाम उमटतो तो दुधाच्या जिवावर. कॉफी गडद आणि थोडी घट्टसर असली की तिचं काम झालं. खरं ठरवायचंय ते दूध कशाने फेसाळायचं, हे.

दूध कसं हवं? ओल्या ऑइलपेंटसारखं चकचकीत. जग गोल फिरवला की सगळं दूध एकसंध फिरलं पाहिजे. फेस वर आणि दूध खाली असं व्हायला नको. नुसत्या डोळ्यांना बुडबुडे दिसत असतील, तर ते दूध प्यायला छान, चित्राला बाद.

या कसोटीवर एस्प्रेसो मशीनची स्टीम वाँड, म्हणजे वाफ सोडणारी नळी, निर्विवाद पहिली. हवा भरणं, दूध तापवणं आणि भोवऱ्यात बुडबुडे बारीक करणं ही तिन्ही कामं ती एका दमात करते. फ्रिजमधलं थंड दूध घ्यायचं, वाँडचं टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवायचं आणि कागद फाडल्यासारखा हलका आवाज येऊ द्यायचा. जग हाताला कोमट लागला की टोक थोडं आत सरकवून फक्त भोवरा चालू ठेवायचा. 60 अंश सेल्सिअसच्या आसपास थांबावं. 70 च्या पुढे गोडवा जातो आणि दुधाला उकळल्याची चव येते.

पण बऱ्याच स्वस्त मशीनच्या वाँडवर एक जाड टोपण असतं, त्याला पॅनारेलो म्हणतात. ते हवा आपोआप आत ओढतं, त्यामुळे फेस ढिगाने येतो, पण जाड आणि कोरडा. ते निघतं का, हे मशीन घेण्याआधी विचाराच. शिवाय एस्प्रेसो मशीन आलं की पाठोपाठ चांगला ग्राइंडरही लागतो. हा खर्च लोक हिशोबात धरत नाहीत.

माझं मत विचाराल तर सुरुवात करणाऱ्याने फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याला जाळी असलेलं कॉफी गाळायचं भांडं, घ्यावा. दूध गॅसवर आधीच तापवलेलं असल्यामुळे लक्ष फक्त फेसाकडे द्यायचं. भांडं एक तृतीयांशच भरा, कारण दूध फुगतं. आधी जाळी दुधाच्या वर काढून पुन्हा आत दाबा, असं दहा-पंधरा वेळा. त्याने हवा जाते. मग जाळी दुधाबाहेर येऊ न देता आतल्या आत छोटे झटके द्या. मोठे बुडबुडे फोडण्याचं काम इथेच होतं आणि घाई होते तीही इथेच. नंतर दूध चोचीच्या जगमध्ये ओतून जग ओट्यावर दोनदा आपटा, गोल फिरवा आणि लगेच वापरा. प्रेस दुधासाठी वेगळाच ठेवलेला बरा. जाळीत अडकलेलं कॉफीचं तेल फेसाचा आणि वासाचा, दोन्हींचा घात करतं.

बॅटरीवरचा फ्रॉदर छोटा आणि सुटसुटीत, पण हवा बेसुमार भरतो. सुरुवातीचे काही क्षण पृष्ठभागाजवळ आणि मग तळाशी धरला तर बदाम जमतोही. रोज जमेलच असं नाही. काडीने रेघा ओढून नक्षी करायची असेल, तर मात्र त्याचा जाड फेस सोयीचा. बटण दाबून चालणारे विजेचे फ्रॉदर चित्रासाठी घेऊ नयेत. फेसाला पोत कसा यावा, हे बहुतेकांत आपल्या हातात राहत नाही.

कॉफीचं थोडक्यात: एस्प्रेसो सुमारे 9 बार दाबाने निघते आणि वर क्रेमा, म्हणजे तांबूस फेसाचा थर येतो, त्यावर पांढरी रेघ उठून दिसते. मोका पॉटचा, म्हणजे गॅसवर ठेवायच्या छोट्या कॉफीच्या भांड्याचा दाब त्यामानाने फारच कमी, क्रेमा जवळपास नाहीच, तरी साधा बदाम त्यावर नीट दिसतो. सरावाला इन्स्टंट कॉफीही चालते. थोड्या गरम पाण्यात घोटली की वर तपकिरी फेस येतो. दर्दी लोक नाकं मुरडतील, मुरडू देत.

ओतताना साधन कुठलंही असो, कप तिरका धरायचा आणि आधी उंचावरून बारीक धार सोडायची, म्हणजे दूध खाली जातं. कप अर्धा भरला की जगची चोच कॉफीला जवळजवळ टेकवून धार वाढवायची. नवख्यांचा हात इथे वरच राहतो आणि पांढरं काही उमटतच नाही. गोल उमटला की कप सरळ करत न्यायचा, शेवटी जग उचलून बारीक धारेने गोलाच्या मधून कापायचं.

तेव्हा दिवसाला एखादा कप आणि त्यावर बदाम एवढंच हवं असेल, तर फ्रेंच प्रेस, मोका पॉट आणि 350 मिलीचा चोचीचा जग पुरे. ट्युलिप (एकावर एक रचलेले आकार) आणि रोझेटा (पानासारखी नक्षी) खुणावत असतील, तर टोपण निघणारी वाँड असलेलं मशीन मिळेपर्यंत थांबा. दूध मात्र दोन्हीकडे पूर्ण स्निग्धांशाचंच घ्या, आणि ओट मिल्क पीत असाल तर ‘बरिस्ता’ लिहिलेलं. साध्याचा फेस पटकन बसतो.