नागपूरच्या हवेत वनौषधींचा कच्चा माल कशात साठवावा: गोणपाट, अस्तराचे पोते, हवाबंद ड्रम की शीतगृह?

गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटच्या जंगलांतून येणारा हिरडा, बेहडा, गुळवेल, शतावरी किंवा भुईनिंब नागपुरात वर्षभर साठवून वापरणाऱ्या लहान औषधनिर्मात्याला भांडे निवडण्याआधी इथले हवामान विचारात घ्यावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा अतिशय कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच गोदामातील हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहते. वाळलेला माल अशा दमट हवेतून ओलावा शोषून घेतो, आणि त्याच्याभोवतीची आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला वाढीची संधी मिळते. म्हणून एकच भांडे बाराही महिने योग्य ठरेल, ही अपेक्षा मला चुकीची वाटते.

गोणपाटाचे पोते सर्वांत स्वस्त असते, सहज मिळते आणि त्यातून हवा खेळते. नुकत्याच वाळवलेल्या मालात थोडी ओल उरली असेल, तर फेब्रुवारी ते मे या काळात ती गोणपाटातून निघून जाते. या टप्प्यावर त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही. मात्र ज्या विणीतून ओल बाहेर जाते, त्याच विणीतून पावसाळ्यात ती आतही येते, आणि कीडही येते. मुळ्या व खोडांना टाचणीएवढी भोके पाडणारे सिगारेट बीटल आणि ड्रगस्टोअर बीटल हे भुंगेरे जुन्या पोत्यांच्या शिवणीतूनही नव्या मालात पोहोचतात. धान्याची किंवा खताची वापरलेली पोती औषधी मालासाठी घेऊ नयेत, हे मी आग्रहाने सांगेन.

आतून जाड पॉलिथिनचे अस्तर असलेले विणलेले पोते हा मधला मार्ग आहे. खर्च थोडा वाढतो, पण अस्तराचे तोंड पिळून घट्ट बांधले, तर हिरडा, बेहडा यांसारखी टणक फळे पावसाळा चांगला काढतात. सुगंधी द्रव्यांना हे अस्तर पुरत नाही, कारण वाळा, जटामांसी किंवा ओवा यांतील उडनशील तेल पॉलिथिनमध्ये हळूहळू शोषले जाऊन बाहेर निसटते.

हवाबंद ड्रममध्ये सर्वांत जास्त संरक्षण मिळते आणि सर्वांत मोठा धोकाही त्यातच असतो. पूर्ण वाळलेला माल काठोकाठ भरून झाकण घट्ट बसवले, तर बाहेरची ओल आत येत नाही, आणि आत राहिलेली कीडही प्राणवायू संपल्यावर तग धरत नाही. परंतु अर्धवट वाळलेली शतावरी किंवा सफेद मुसळी त्यात बंद केली, तर तिच्यातील ओल बाहेर जाऊ शकत नाही, रात्री झाकणाच्या आतून दव धरते आणि वरचा थर आधी बुरसतो. बुरशी लागलेला माल उन्हात झटकून पुन्हा वापरणे सर्वथा अयोग्य आहे, कारण काही बुरशी निर्माण करत असलेली अफ्लाटॉक्सिनसारखी विषे उन्हाने जात नाहीत. भरण्यापूर्वी थोडा नमुना रोज वजन करून पाहावा आणि वजन घटायचे थांबले की मगच ड्रम बंद करावा. सुगंधी मालासाठी स्टेनलेस स्टीलचा डबा घ्यावा. रसायनांचे जुने ड्रम स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. रोज उघडावा लागणारा माल लहान डब्यांत विभागावा, कारण अर्ध्या रिकाम्या ड्रममध्ये प्रत्येक वेळी नवी दमट हवा भरते.

शीतगृह मोजक्या मालासाठीच परवडते. साधारण १५ अंशांखाली या भुंगेऱ्यांची वाढ जवळजवळ थांबते आणि सुगंधही टिकतो. पण नागपूर परिसरातील शीतगृहांत मिरचीही ठेवली जाते, त्यामुळे स्वतंत्र खोली मिळत नसेल तर तिचा वास मालाला लागतो. थंड पोते बाहेरच्या उष्ण किंवा दमट हवेत लगेच उघडले, तर मालावर पाणी सुटते. म्हणून ते गोदामाच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवावे.

या चारही पर्यायांवर पाणी फिरवणारी एक सवय मात्र नागपुरात सर्रास दिसते, ती म्हणजे उन्हाळ्यात गोदामात कुलर लावणे. पाण्याचा कुलर हवा थंड करताना तिच्यात ओल भरतो, आणि माल वाळवण्याचा वर्षातला सर्वोत्तम काळ वाया जातो. टिनाच्या छताखाली गुग्गुळ मऊ होऊन चिकटत असेल, तर छतावर पांढरा लेप द्यावा, खाली लाकडी चौकटी ठेवून माल भिंतीपासून हातभर दूर रचावा आणि गरम हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवावा.

माझी शिफारस अशी आहे की, माल उन्हाळाभर गोणपाटात ठेवावा आणि मृग लागण्यापूर्वी वजनाची खात्री करून टणक फळे अस्तराच्या पोत्यात, तर मुळ्या व सुगंधी द्रव्ये हवाबंद डब्यांत हलवावीत. पैसे मर्यादित असतील, तर ते आधी मुळ्यांच्या डब्यांवर खर्च करावेत. चूर्ण मात्र गरजेपुरतेच करावे. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात चूर्णाचे वीर्य, म्हणजे औषधी शक्ती, दोन महिन्यांत उणावते असे सांगितले आहे, आणि दळल्यावर हवा लागणारा पृष्ठभाग किती वाढतो हे पाहता ते पटण्यासारखे आहे. बिब्बा सर्वांपासून वेगळा, जाड भांड्यात ठेवावा, कारण त्याच्या तेलाने कातडी भाजते. प्रत्येक नगावर वनस्पतीचे नाव, वापरायचा भाग, गोळा केल्याचा महिना आणि तपासणीची स्थिती लिहावी, आणि आधी आलेला माल आधी वापरावा.