साताऱ्यात टायर बदलताना: कोणते चार आणि कोणता पाचवा

आमचा भाचा म्युनिकजवळ नोकरीला आहे. ऑक्टोबरात त्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला: गॅरेजच्या कोपऱ्यात डिस्कसकट एकावर एक रचलेले चार टायर. हे उन्हाळ्याचे, काढून ठेवलेले. गाडीला आता हिवाळ्याचे. तिकडे ऑक्टोबर ते इस्टर अशी ही रीतच आहे. फोटो बघून दाजींचा फोन आला. त्यांच्या गाडीचे टायर पंचेचाळीस हजार किलोमीटर पळालेत, बदलायचेच आहेत. "आपणही तसलेच घ्यावेत का? महाबळेश्वरला दव गोठलं म्हणून दरवर्षी पेपरात येतंयच की."

येतं खरं. पण ते दव वेण्णा लेकच्या काठच्या गवतावर गोठतं, गाडीच्या टपावर गोठतं. डांबरावर बर्फाचा थर काही बसत नाही. हिवाळी टायरचं रबर ७ अंशांच्या खालीही मऊ राहावं म्हणून मुद्दाम तसं बनवतात आणि बर्फ धरण्यासाठी नक्षीत बारीक बारीक चिरा पाडतात. त्याची खूण म्हणजे बाजूला कोरलेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ही खूण नसेल तर जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून तो टायर हिवाळी धरतच नाहीत, नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. साताऱ्यात जानेवारीत पहाटे कुडकुडायला होतं, पण दुपारी पारा तिशीकडे सरकलेला असतो. त्या डांबरावर असलं मऊ रबर खोडरबरासारखं झिजेल, वर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायलाही जास्त अंतर घेईल. हिवाळी टायरचा विषय इथेच संपला.

आपला टायरचा ऋतू जूनमध्ये सुरू होतो. आणि या जिल्ह्याचं दुखणं असं की महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तर माण-खटावात पाचशेच्या आसपास. एकाच एमएच ११ पासिंगच्या दोन गाड्या दोन वेगळ्या हवामानात पळतात. म्हणून मी दाजींना दुकानाचं नाव सांगायच्या आधी विचारलं, गाडी आठवड्यातून किती वेळा पश्चिमेला जाते? दाजी राहायला शाहूपुरीत, पण शेत मेढ्याच्या पुढे. शनिवार-रविवार केळघरकडेच. मी उलट, रोज साताऱ्याहून कराड आणि परत, सगळा हायवे. आम्हा दोघांच्या टायरचं माप एकच, १८५/६५ आर १५, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के आणि डिस्क १५ इंची. टायर मात्र एकसारखे घेऊ नयेत असं माझं मत.

दुकानात ढोबळमानाने दोन जाती समोर येतात. पहिली टिकाऊ आणि ॲव्हरेज देणारी. रबर कडक, रस्त्यावर फिरताना विरोध कमी, त्यामुळे पेट्रोल वाचतं आणि किलोमीटरही जास्त निघतात. नवी गाडी शोरूममधून येते तेव्हा बहुतेकदा असेच टायर असतात, कारण ॲव्हरेजचा आकडा सगळेच विचारतात, ओल्या रस्त्यावर गाडी किती फुटांत थांबते हे कोणी विचारत नाही. दुसरी जात ओल्या पकडीची. रबरात सिलिकाचं प्रमाण जास्त, नक्षीच्या उभ्या चऱ्या रुंद आणि खोल, म्हणजे पाणी बाजूला फेकायला जागा. हा टायर लवकर झिजतो आणि बहुधा थोडा महागही असतो. पण पसरणी घाट उतरताना पुढच्या एसटीने अचानक ब्रेक मारला की तुमच्या आणि तिच्या मागच्या बंपरच्या मधलं अंतर हाच टायर ठरवतो. दाजींना मी हाच सांगितला. माझ्यासाठी पहिला पुरेसा आहे, एका अटीवर: नक्षी ३ मिलिमीटरवर आली की बदलायचा. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि चरीच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे रबराचे उंचवटे असतात. पण तिथपर्यंत थांबलं तर हायवेवर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. हवा कमी असेल तर हे आणखी कमी वेगाला होतं.

काही टायरवर बाजूला 'ट्रेडवेअर' आणि 'ट्रॅक्शन' असे शब्द सापडतात. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा तितका टायर सावकाश झिजणारा. ट्रॅक्शन ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकची प्रत सांगतं, डबल ए सगळ्यात वर, मग ए, बी, सी. वळणावरची पकड त्यात मोजलेली नसते, आणि आपले घाट म्हणजे वळणंच. तरी दोन टायरमध्ये मन अडलं तर हे बघून निवडा.

जाडजूड गुट्ट्यांचे ऑल टेरेन टायर हल्ली कॉलेजच्या पोरांच्या जीपलाच नव्हे, साध्या एसयूव्हीलाही दिसतात. चाळकेवाडीच्या पठारावर कच्च्या वाटेने पवनचक्क्यांपर्यंत जाणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. बाकीच्यांना हायवेवर घोंगाट आणि ॲव्हरेजला कात्री. ओल्या डांबरावर ते चांगल्या रोड टायरपेक्षा बहुधा डावेच.

खरेदीच्या वेळी एकच गोष्ट डोळ्यांनी बघा. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मागच्या खेपेला मला चार 'नवे' टायर दाखवले. तिघांवर त्याच वर्षाचे आकडे आणि चौथ्याचे आकडे भिंतीकडे वळवलेले. फिरवून बघितलं तर साडेतीन वर्षांचा. दुकानदार म्हणाला, "वापरलेला नाही ओ, नवाच आहे." वापरलेला नव्हता हे खरं, पण रबर नुसतं पडूनही कडक होत जातं. मी दुसऱ्या दुकानात गेलो.

चारऐवजी दोनच बदलायचे असतील तर नवे दोन मागे बसवून घ्या. दुकानात हमखास वाद होतो, कारण पुढचे लवकर झिजतात आणि 'स्टिअरिंग पुढे आहे' हे सगळ्यांना पटतं. पण पावसात पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की बरेचदा सावरते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि केळघर घाटात फिरायला जागा नाही.

आता पाचवा, म्हणजे स्टेपनी. खरं सांगायचं तर दाजींचे जास्त पैसे मी इथे खर्च करायला लावले.

२०२० साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी टीपीएमएस आणि पंक्चर किट गाडीत असेल तर लहान गाड्यांना स्टेपनी दिलीच पाहिजे असं आता नाही. किटमध्ये एक बाटली द्रवाची आणि एक छोटा कॉम्प्रेसर. खिळा तळव्यात घुसला असेल, भोक बारीक असेल, तर किट झकास काम करतं. हायवेवर मला ते पटतं. ऊस सुरू झाला की कराडच्या बाजूला रस्त्यावर बैलगाड्यांची रांग असते आणि बैलांच्या पायाच्या पत्रीचे खिळे रस्त्यावर पडतात. त्या चार-पाच महिन्यांत माझी पंक्चर जवळजवळ सगळी तसलीच. बरोब्बर तळव्यात आणि पट्टी घालून मिटणारी. पंक्चरवाला लांब नसतो. त्यामुळे माझ्यासारख्याला किट आणि कशीबशी एखादी स्टेपनी, एवढ्यावर भागतं.

पण किटला साइड कट, म्हणजे टायरच्या बाजूला पडलेली चीर, भरता येत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि मग एका जुलैत बामणोलीहून परतताना, कास अजून यायचं होतं तिथे, भर धुक्यात शिकलो. समोरून पिकअप आली, मी डावीकडे घेतली आणि डांबराच्या तुटक्या काठाने टायरच्या बाजूला बोटभर चीर पाडली. ती गाडी बिनस्टेपनीची होती. बाटली ओतली, कॉम्प्रेसर लावला. चिरेतून दुधासारखा फेस बाहेर येत राहिला आणि तांबड्या चिखलात मिसळला. मोबाईलला रेंज नाही. शेवटी एका जीपवाल्याने चाक काढायला मदत केली आणि मी ते चाक मांडीवर घेऊन यवतेश्वर घाट उतरून साताऱ्यात आलो. गाडी रात्रभर तिथेच, जॅकवर, एका चाकाखाली दगड लावून.

म्हणून दाजींच्या गाडीत पूर्ण मापाची स्टेपनी हवीच. त्यातही दोन प्रकार आहेत. सारखीच अलॉय असलेली पाचवी घेतली तर पाचही चाकं आळीपाळीने वापरता येतात आणि स्टेपनी पडून म्हातारी होत नाही. पण अलॉय महाग. स्टीलची डिस्क बरीच स्वस्त पडते, दिसायला विजोड, कामाला तीच. अनेक गाड्यांत कंपनीच एक इंच लहान डिस्कची स्टेपनी देते, त्याने लोक बिचकतात. बिचकायचं कारण नाही, हिशोब करा: १८५/६५ आर १५ ची पूर्ण उंची साधारण ६२१ मिलिमीटर, १८५/७० आर १४ ची ६१५. फरक एका टक्क्याच्या आसपास. पंक्चरवाल्यापर्यंत बिनधास्त जा, मात्र डिस्कवर ताशी ८० च्या वेगमर्यादेचा स्टिकर असेल तर तो पाळा. स्टीलची डिस्क वेगळी घेताना नटांची संख्या, त्यांच्यातलं अंतर आणि मधलं भोक जुळतंय का ते गाडीला लावूनच बघा. काही अलॉयचे नट स्टीलच्या डिस्कला नीट बसत नाहीत, तेव्हा दुसरे नट डिकीत ठेवावे लागतात.

उरली ती सायकलच्या चाकाची थोरली बहीण वाटणारी बारकी स्टेपनी. हलकी, जागा कमी खाते. सीएनजीच्या टाकीने डिकी गिळलेल्यांना बरी. वेग ८० च्या आत आणि हवा बहुतेक ६० पीएसआय. पंपावरचा पोरगा सवयीने ३२ भरतो, तिथे खाली उतरून सांगायचं. पुढचं चाक पंक्चर झालं तर ही पुढे लावू नका. मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि ही मागे. पावसात, घाटात, चिखलात उभं राहून दोनदा जॅक लावायची तयारी असेल तरच हिच्या भरवशावर पश्चिमेला जा.

एक गोष्ट टायर निवडतानाच ठरवायची. बाणाची खूण असलेले, एकाच दिशेने फिरणारे टायर पावसाला छान, पण त्यांची स्टेपनी एकाच बाजूला सरळ बसते, दुसऱ्या बाजूला उलटी फिरते. दाजींना म्हणून 'आउटसाइड-इनसाइड' लिहिलेल्या नक्षीचे घ्यायला लावले. ते डावी-उजवी कुठेही चालतात.

दाजींनी अखेर चार ओल्या पकडीचे घेतले. जुन्यांतला त्यातल्या त्यात कमी झिजलेला, कुठे फुगा न आलेला एक स्टीलच्या डिस्कवर चढवून स्टेपनी केली. दुकानात गनने आवळलेले नट तिथेच हाताच्या पान्याने एकदा सैल करून बघायला लावले. दुसरा नट हलेना. दाजी पान्यावर उभे राहिले, तरी हलेना. मग दुकानातल्या पोराने लांब पाईप आणून दिला. आता तो पाईपही डिकीत आहे, आणि जॅक चिखलात रुतू नये म्हणून फूटभर फळी.