एका शटरच्या दुकानासाठी सेंटर लॉक आणि वायरचा अलार्म: दहा महिने वापरल्यावर

दुकान साधारण १२ बाय २० फुटांचं, पुढे एकच शटर. बसवलेला सरंजाम असा: शटरला मधोमध सेंटर लॉक (खालच्या पट्टीतून दांडा जमिनीतल्या खाचेत उतरवणारं कुलूप), दोन्ही बाजूंना नवी कुलपं, सहा झोनचं (म्हणजे सेन्सरच्या सहा वेगळ्या वायर-जोडण्यांचं) वायरचं अलार्म पॅनेल, त्यात ४जी सिम, शटरवर मॅग्नेटिक सेन्सर (चुंबक दूर गेलं की अलार्म वाजवणारा), चौकटीवर कंपनांचा सेन्सर, आत दोन पीआयआर (माणसाच्या अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारे सेन्सर), एक सायरन आत आणि एक बाहेर. दहा महिन्यांनंतरचं मत: सेट चांगला आहे, पण बसवून दिला त्या अवस्थेत तो निम्म्या कामाचाही नव्हता.

आधी शटर. फक्त दोन बाजूंची कुलपं असली की खालच्या पट्टीचा मधला भाग मोकळाच राहतो. तिथे कटावणी किंवा गाडीचा जॅक लावला की पट्ट्या कमानीसारख्या वर येतात आणि माणूस सरपटत आत जातो. सकाळी पाहावं तर दोन्ही कुलपं जागच्या जागी. म्हणून खर्च एकाच गोष्टीवर करता येणार असेल तर तो सेंटर लॉकवर करा, अलार्म नंतर. मात्र त्याचा जमिनीतला भाग नुसत्या फरशीवर स्क्रूने आवळलेला असेल तर जोराच्या हिसक्याला फरशीसकट उखडतो. फरशी कापून खालच्या काँक्रीटमध्ये १२ मि.मी.चे किमान दोन अँकर बोल्ट घालून घ्यावेत.

सेंटर लॉकचा एक त्रास कोणी आधी सांगत नाही. जमिनीतली खाच केराने भरते. दोन-तीन आठवड्यांत तळाशी धूळ, कागदाचे कपटे, पिशव्यांचे तुकडे दाबून बसतात. मग किल्ली फिरते, खटकाही ऐकू येतो, पण दांडा खाचेत अर्धाच उतरलेला असतो. उपाय साधा: दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने खाच साफ करायची आणि कुलूप लावल्यावर खालची पट्टी दोन्ही हातांनी वर ओढून पाहायची. पट्टी मधोमध बोटभर जरी उचलली गेली तरी लॉक बसलेलं नाही.

बाजूच्या कुलपांची कडी झाकलेली हवी, म्हणजे कटरचा जबडा आत शिरत नाही. पण कुलूप भक्कम आणि कोयंडा लेचापेचा असेल तर चोर कुलपाला हात लावतच नाही. कोयंड्याची जाडी कुलपाच्या कडीइतकी तरी असावी आणि तो वेल्डिंगने पक्का केलेला असावा. कुलपात तेल सोडू नका. तेल आणि धूळ मिळून चिकट लगदा होतो. ग्रॅफाइटची पूड पुरते.

आता अलार्म. पहिल्या महिन्यात तो सात वेळा वाजला आणि एकदाही चोर नव्हता. हा मुद्दा फार गांभीर्याने घ्यायला हवा, कारण तिसऱ्या-चौथ्या खोट्या हाकेनंतर शेजारी खिडकी उघडत नाहीत आणि मालक कंटाळून अलार्म लावणंच सोडतो.

पहिलं कारण शटरचा सेन्सर. दारासाठीचा साधा मॅग्नेटिक सेन्सर १५ ते २० मि.मी. अंतरापर्यंत काम करतो. शटर गाइडमध्ये, म्हणजे बाजूच्या उभ्या खाचपट्ट्यांमध्ये, सैल असतं. वाऱ्याचा झोत आला की ते तेवढं सहज हलतं. शिवाय लोखंडावर बसवल्यावर चुंबकाची पकड आणखी कमी होते. शटरसाठी वेगळा जाड, जमिनीवर बसणारा, जास्त अंतर सोसणारा सेन्सर मिळतो. तो लावला आणि गाइडमध्ये दोन्ही बाजूंना नमद्याची पट्टी चिकटवली. खडखड आणि खोटे अलार्म दोन्ही थांबले.

कंपनांचा सेन्सर थेट शटरच्या पट्टीवर लावला होता, तीही चूक. तो भिंतीत पक्क्या बसलेल्या गाइडवर हवा. त्यात धक्के मोजायची सोय असते: एका धक्क्याला गप्प राहायचं, थोड्या वेळात लागोपाठ चार-पाच धक्के आले तर वाजायचं. तपासायचं असं: शटरवर तळहाताची एक थाप मारा, वाजता कामा नये, मग कटावणी खाली सरकवून हलकेच लागोपाठ चार-पाच नेट द्या, वाजलाच पाहिजे. हाच सेन्सर सर्वांत मोलाचा, कारण चोर बाहेर असतानाच तो ओरडतो. पीआयआर वाजतो तेव्हा चोर आत आलेला असतो.

पीआयआर शटरकडे तोंड करून लावू नये. उन्हाने तापलेल्या पट्ट्या आणि फटींतून येणारा गरम वारा त्याला फसवतो. शिवाय समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो. बाजूच्या कोपऱ्यात २.१ ते २.४ मीटर उंचीवर लावून पाहा. वायरचं भोक सिलिकॉनने बुजवा. आत शिरून लेन्सवर फिरणारा कोळीसुद्धा अलार्म वाजवतो.

बसवणाऱ्या कारागिराची एक लबाडी किंवा आळस म्हणा: झोनच्या वायरच्या शेवटी, सेन्सरपाशी लावायचा रेझिस्टर (वायरशी छेडछाड झाली तर पॅनेलला कळावी म्हणून असलेला छोटा रोधक) पॅनेलच्या पेटीतच जोडून टाकलेला होता. तसं केलं की वाटेत वायर सोलून दोन टोकं एकमेकांना जोडली तरी पॅनेलला सगळं आलबेल दिसतं. सेन्सरचं झाकण उघडून रंगीत पट्ट्यांचा छोटा रेझिस्टर आत आहे का ते बघा. खात्रीसाठी तिथेच दोन्ही वायरी क्षणभर जोडा. पॅनेलने लगेच तक्रार केली पाहिजे.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. पॅनेल आणि सेन्सर मिळून १५० मिलिअँपिअर घेतात असं धरलं तर हिशेबाने ४६ तास निघतात. सायरन आणि जुनेपणा यात तो आकडा बराच घटतो. महिन्यातून एकदा रात्रभर मुख्य वीज बंद ठेवून सकाळी सायरन वाजवा आणि मीटर लावा. वाजताक्षणी व्होल्टेज १०.५ कडे घसरलं तर बॅटरी बदला.

सिमचं दुखणं वेगळं. प्लॅनची मुदत संपली तर पॅनेल फोन लावतच राहतं आणि पलीकडे घंटी जात नाही. सिम घालण्याआधी त्याचं पिन-कोडचं लॉक बंद करा, पॅनेलचा नंबर फोनमध्ये जतन करा आणि सायलेंटवरही तो वाजेल अशी सवलत द्या. यादीत पहिला नंबर दुकानापासून सर्वांत जवळ राहणाऱ्याचा ठेवा.

कॅमेरे या सेटमध्ये नव्हते, नंतर जोडले. एक कॅमेरा सतत २ मेगाबिटने नोंद करत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांत १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते. रेकॉर्डर गल्ल्याखाली ठेवू नका, चोर तोच उचलून नेतात. रिकाम्या गल्ल्याचा खण रात्री उघडा ठेवा, म्हणजे तो फोडून नासधूस होत नाही.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो बाहेरच्या सायरनसाठी. झाकण उघडताच वाजण्यासाठी त्यात एक बटण असतं, पण त्याची वायर पॅनेलला जोडलेलीच नव्हती आणि पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नव्हता. अलार्म बंद ठेवून झाकणाचे स्क्रू काढून पाहा. पॅनेलवर काहीच उमटलं नाही तर ती वायर मोकळी लोंबकळते आहे.