ओ सोवाज घ्यावं की शालिमार?

ही दोन्ही अत्तरं कागदी पट्टीवर मारून लगेच हुंगली, तर निवड चुकण्याची शक्यता जास्त. दोघांचीही सुरुवात लिंबूवर्गीय आहे. बर्गमॉटच्या सालीचा ताजा, किंचित कडसर वास दोन्हींत येतो. खरा फरक वीसेक मिनिटांनी उघड होतो.

दिओर कंपनीचं ओ सोवाज १९६६ चं, अत्तरकार एदमों रुदनित्स्का यांनी घडवलेलं. त्यातला हेडिओन हा घटक जाई-चमेलीच्या वळणाचा, पण अगदी हलका. लिंबाचा भर ओसरला तरी त्याच्यामुळे वास मोकळा, हवेशीर राहतो. तळाशी वाळा आणि ओकमॉसचा (ओक झाडावर वाढणाऱ्या दगडफुलाचा) ओलसर, शेवाळी गंध उरतो.

गेर्लँ कंपनीचं शालिमार १९२५ चं, अत्तरकार जॅक गेर्लँ यांनी घडवलेलं. इथे बर्गमॉट मागे सरला की एथिल व्हॅनिलिन हा व्हॅनिलाच्या वासाचा कृत्रिम घटक पुढे येतो, आणि तो साध्या व्हॅनिलिनच्या सुमारे तिप्पट तीव्र असतो. जोडीला टोंका बी, आयरिस, राळ आणि चामड्यासारखी धुरकट छटा. या धुरकटपणामुळेच शालिमार गोड असूनही गुळचट होत नाही. कित्येकांना नेमकं तेच जळकट वाटतं, म्हणून त्वचेवर लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं, प्रत्येकी एकच फवारा. मनगटं एकमेकांवर घासलीत तर दोन्ही वास मिसळतील आणि चाचणी वाया जाईल. दहा मिनिटांनी, तासाभराने आणि चार तासांनी हुंगा. कौल चार तासांनंतरच्या वासाला द्या, कारण दिवसभर सोबत तोच असतो.

रोज कामावर, उकाड्यात, माणसांच्या गर्दीत वापरायचं असेल तर बिनधास्त ओ सोवाज. चार फवारेही चालतात. शालिमार थंडीतलं, संध्याकाळचं. एक फवारा, फार तर दोन, तेही कपड्यांखाली छातीवर. आपलं नाक सरावतं, वास उडाला असं वाटून हात पुन्हा बाटलीकडे जातो आणि बंद गाडीत शेजारच्याचं डोकं धरतं. दुसरा फवारा मारण्याआधी कुणाला तरी विचारून घ्यावं. पुरुषांचं की बायकांचं, हे लेबल मात्र खुशाल विसरा. शालिमार पुरुषांच्या अंगावरही सुरेख खुलतं.

व्हॅनिलिन काळानुसार तपकिरी पडतं, त्यामुळे शालिमार पांढऱ्या कपड्यांवर नको, डाग राहतो. ओ सोवाजला ऊन आणि उष्णता सोसत नाही: लिंबाचे घटक हवेशी संयोग पावून टर्पेंटाइनसारखे उग्र होतात. न्हाणीघरातल्या फळीऐवजी बाटली खोक्यात घालून कपाटात ठेवा.

घेताना बाटलीवरचं पूर्ण नाव वाचा. ‘ओ सोवाज पारफँ’ हे निराळं, जड अत्तर आहे. शालिमारमध्ये ‘ओ द त्वालेत’ हा सौम्य प्रकार लिंबाकडे झुकतो, ‘ओ द पारफँ’ हा अधिक दाट प्रकार व्हॅनिलाकडे. चाचणी एकाची आणि खरेदी दुसऱ्याची, असं व्हायला नको.