परवानाधारकांची यादी हातात आली, आता छापायचं किती?

शस्त्र परवान्यांची सरकारी यादी रीतसर अर्ज करून वार्ताहराच्या हातात येते. त्यात नाव आहे, घरचा पत्ता आहे, परवान्याची तारीख आहे. जिथे कायद्याने ती सार्वजनिक आहे, तिथे मागण्याच्या हक्कावर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पावलावर. यातलं वाचकांसमोर किती ठेवायचं?

अमेरिकेत २००७ ते २०१३ या काळात हा प्रश्न अनेक शहरांतल्या संपादकांपुढे आला आणि त्यांनी निरनिराळी उत्तरं दिली. आपल्याकडे अशी यादी घेऊन बसलेल्या कुणालाही ती उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून पाहता यावीत म्हणून हा आढावा. माझा कौल आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तो तपासता येईल: नोंद उघडी राहिली पाहिजे, पत्रकाराने ती नावानिशी तपासली पाहिजे, पण घराचा पत्ता छापता कामा नये.

सगळ्यात टोकाची वाट न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला असलेल्या व्हाइट प्लेन्सच्या 'द जर्नल न्यूज'ने धरली. १४ डिसेंबर २०१२ रोजी शेजारच्या कनेक्टिकट राज्यात, न्यूटाउनच्या सँडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गोळीबारात मारली गेली. आठवडा उलटला तोच या वृत्तपत्राने वेस्टचेस्टर आणि रॉकलंड या दोन काउंटींमधल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांतल्या, पिस्तूल परवानाधारकांचा नकाशा आपल्या वेबसाइटवर टाकला. ठिपक्यावर क्लिक केलं की नाव आणि पत्ता समोर. तिसऱ्या, पटनम काउंटीच्या क्लार्कने, म्हणजे नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, यादी द्यायलाच नकार दिला.

त्या दिवसांतल्या आईबापांची घालमेल मला समजते. आपलं मूल ज्या घरी खेळायला जातं तिथे पिस्तूल आहे का, हा प्रश्न रास्तच आहे. पण नकाशा त्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. परवाना आहे म्हणजे शस्त्र घरात आहेच असं नाही. शिवाय रायफल आणि शॉटगनला त्या भागात तेव्हा परवानाच लागत नसे, त्यामुळे ती बाळगणारी घरं नकाशावर कोरी. सँडी हुकच्या शाळेत वापरलेली बंदूक रायफलच होती, मारेकऱ्याच्या आईच्या नावावरची. ज्या घटनेमुळे नकाशा काढला, तिथे वापरलेलं शस्त्र त्या नकाशाच्या कक्षेतच नव्हतं. केवळ संपादकीय कसोटी लावली, तरी हा नकाशा तिथेच नापास होतो.

आता त्याची झळ कुणाला बसली ते पाहा. पिस्तुलाचा परवाना काढणाऱ्यांत निवृत्त पोलीस असतात, न्यायाधीश असतात, तुरुंगाचे कर्मचारी असतात, मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून सुटून नव्या गावी राहणाऱ्या बायकाही असतात. तुम्ही कुठे राहता ते आम्हाला कळलंय, असं कैदी तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांना ऐकवू लागल्याचं रॉकलंडच्या शेरिफने, म्हणजे तिथला तुरुंग सांभाळणाऱ्या पोलीस प्रमुखाने, जाहीरपणे सांगितलं. मला या प्रकरणातलं हे सगळ्यात जड वाटतं. ज्याच्याशी दिवसभर गजाआड संबंध येतो, त्याच्या हाती आपल्या मुलाबाळांचा पत्ता पडणं म्हणजे काय, हे त्या नोकरीतल्या माणसालाच कळेल. दुसरीकडे, चिडलेल्या लोकांनी वृत्तपत्राच्या कर्मचाऱ्यांचे पत्ते इंटरनेटवर पसरवले, धमक्या आल्या, कार्यालयावर सशस्त्र पहारा ठेवावा लागला. तेही तितकंच वाईट. जानेवारीत व्हाइट प्लेन्समध्ये नकाशावरच्या एका घरात चोर शिरले आणि त्यांनी शस्त्रांच्या तिजोरीला हात घातला. तो नकाशा पाहूनच ते आले हे मात्र सिद्ध झालं नाही, म्हणून माझ्या तराजूत मी ती चोरी धरत नाही. त्याशिवायही पारडं पुरेसं झुकतं. १८ जानेवारी २०१३ रोजी नकाशा उतरवला गेला.

व्हर्जिनियातल्या 'द रोअनोक टाइम्स'ने मार्च २००७ मध्ये राज्यभरातल्या लाखाहून अधिक परवानाधारकांची पत्त्यांसकट यादी टाकली होती. गुन्ह्यांचे बळी ठरलेल्यांचे, म्हणजे लपून राहण्याचा हक्क असलेल्यांचे पत्ते तिच्यात असतील, या शंकेने ती एक-दोन दिवसांतच काढून घेतली. हीच शंका छापण्याआधी विचारता आली असती.

दुसरी वाट मेम्फिसची. 'द कमर्शियल अपील'ने २००८ च्या अखेरीस टेनेसी राज्यातल्या परवानाधारकांची यादी ऑनलाइन ठेवली. नाव टाकून शोधता येई, शहर आणि पिनकोड दिसे, रस्ता आणि घर क्रमांक दिसत नसे. फेब्रुवारी २००९ मध्ये तिथल्या एका वाहनतळावर गाडी लावण्यावरून भांडण झालं, त्यात एक माणूस गोळी लागून मेला आणि आरोपी परवानाधारक निघाला. मग यादीची एकदम चर्चा झाली, दबाव आला, पण वृत्तपत्राने ती काढली नाही.

ही वाट व्हाइट प्लेन्सपेक्षा निश्चित बरी. शोधणाऱ्याला आधी नाव माहीत असावं लागतं. गल्लीतून फिरत घरं टिपता येत नाहीत. तरी ती निर्धोक आहे असं मात्र समजू नका. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे अलेसांद्रो अक्विस्ती आणि एमआयटीच्या कॅथरीन टकर यांनी याच यादीनंतरच्या मेम्फिसमधल्या गुन्ह्यांचा अभ्यास केला. जास्त परवाने असलेल्या पिनकोडमध्ये घरफोड्या कमी झाल्या आणि कमी परवाने असलेल्या पिनकोडमध्ये वाढल्या, असं त्यांना आढळलं. म्हणजे यादीत नाव असलेल्यांइतकीच नाव *नसलेल्यांची* माहितीही बाहेर पडते. कुठल्या वस्तीत शस्त्रं नाहीत, हेही कोऱ्या जागा सांगतातच. खासगीपणाची चर्चा करताना बहुतेक जण परवानाधारकांचाच विचार करतात. या निष्कर्षामुळे मला त्यांचे शेजारीही दिसू लागले.

तिसरी वाट समजून घेण्यासाठी नॉर्थ कॅरोलायना राज्यातली दोन कामं समोरासमोर ठेवतो, कारण नोंदी एकाच राज्याच्या आणि वापर अगदी वेगळा.

रॉलीच्या डब्ल्यूआरएएल या दूरचित्रवाणी वाहिनीने जुलै २०१२ मध्ये रस्त्यांच्या नावानुसार परवान्यांची माहिती दिली. व्यक्तीचं नाव नाही, घर क्रमांक नाही. काळजीपूर्वक केलेलं काम. पण दहा-बारा घरांच्या छोट्या रस्त्यावर कुणाकडे परवाना आहे हे ओळखायला शेजाऱ्याला वेळ लागत नाही, आणि वाचकाच्या हाती तरी काय पडतं? अमुक रस्त्यावर इतके परवाने, एवढंच. त्या आकड्याचं त्याने काय करायचं?

त्याआधी सात महिने, डिसेंबर २०११ मध्ये, 'द न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच राज्याच्या परवान्यांची यादी घेतली आणि ती न्यायालयांतल्या शिक्षांच्या नोंदींशी नावानिशी ताडून पाहिली. निष्पन्न असं: पाच वर्षांत २,४०० हून अधिक परवानाधारकांना वाहतुकीचे गुन्हे वगळता अन्य गुन्ह्यांत शिक्षा झाली होती. त्यांतले २०० हून अधिक गंभीर गुन्ह्यांतले, आणि किमान दहा जण खून किंवा सदोष मनुष्यवधाचे. गंभीर गुन्ह्यांतल्या जवळपास निम्म्या प्रकरणांत परवाना रद्द किंवा निलंबितही केला गेला नव्हता. त्याच राज्यात परवानाधारक दोन लाखांहून अधिक होते, म्हणजे बहुतेकांचं वर्तन सरळ होतं हेही त्यातून दिसलं. हजारो निरपराध परवानाधारकांपैकी एकाचाही पत्ता चव्हाट्यावर आला नाही, आणि तरी जाब द्यायची पाळी ज्याच्यावर यायला हवी होती त्याच्यावर, म्हणजे परवाना देणाऱ्या आणि तो परत न घेणाऱ्या यंत्रणेवर आली.

या कामाला नावं लागली, हे मुद्दाम सांगतो. खासगीपणाच्या नावाखाली नोंदीच बंद करा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे तो याचसाठी. नाव नसतं तर दोन याद्या ताडता आल्या नसत्या. पत्ता वार्ताहरालाही क्वचितच लागतो, एकाच नावाची दोन माणसं वेगळी करण्यापुरता. वाचकाला तो कधीच लागत नाही.

छापण्याची किंमत फक्त छापणारा मोजत नाही, हेही निर्णयात धरा. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या नव्या शस्त्र कायद्याने परवानाधारकांना आपली नोंद झाकून ठेवण्यासाठी अर्ज करण्याची सोय दिली: पोलीस, साक्षीदार, ज्यूरीवर बसलेले, घरगुती हिंसेतून सुटलेले, अशा कारणांसाठी. मला ही तरतूद मुळात योग्य वाटते. पण इतरत्र दारच बंद झालं. व्हर्जिनियाने २००८ मध्ये राज्य पोलिसांकडची यादी बंद केली. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ मध्ये नोंदी गोपनीय केल्या. २०११ ची ती तपासणी आज तशीच करायला निघालेल्याला यादीच मिळणार नाही.

मेन राज्यातल्या 'बँगोर डेली न्यूज'चं उदाहरण तर चटका लावणारं आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी अभ्यासासाठी नोंदी मागितल्या आणि नावं-पत्ते छापणार नाही असं स्पष्ट सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. जर्नल न्यूजचा नकाशा अवघ्या दोन महिन्यांपूर्वीचा होता. वृत्तपत्राला अर्ज मागे घ्यावा लागला आणि राज्याने नोंदी आधी तात्पुरत्या, पुढे कायमच्या झाकल्या.

महाराष्ट्रात शस्त्र परवाना शहरात पोलीस आयुक्त देतात, इतरत्र जिल्हा दंडाधिकारी. निवडणूक लागली की जिल्ह्यात किती परवानाधारक आहेत आणि किती शस्त्रं जमा झाली, याच्या बातम्या आपण दरवेळी वाचतो. त्यांत नावं नसतात आणि ती नाहीत हे बरंच आहे. पण त्या आकड्यांच्या पुढेही कुणी जात नाही. कुणाचा परवाना गुन्हा दाखल झाल्यावरही चालू राहिला, जमा करण्यातून कुणाला आणि कोणत्या कारणाने सूट मिळाली, हे प्रश्न आपल्याकडेही विचारण्याजोगे आहेत. माहिती अधिकारात ते विचारणं अवघड होत चाललंय: २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या, वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या कलम ८(१)(जे) मधला व्यापक जनहिताचा अपवाद काढला. कलम ८(२) मधला जनहिताचा आधार अजून शिल्लक आहे, अर्ज करताना तो नाव घेऊन लिहावा.

तेव्हा यादी हातात असेल, तर मी हे करेन. मूळ फाइल वेबसाइटवर चढवणार नाही, कार्यालयातही दोघातिघांपलीकडे जाऊ देणार नाही. ती शिक्षांच्या नोंदींशी ताडेन. ज्याला शिक्षा झाली आणि तरीही ज्याचा परवाना चालू आहे, त्याचं नाव त्याची बाजू विचारून छापेन, आणि त्याच्या शेजारी परवाना देणाऱ्या कार्यालयाचं उत्तर छापेन. बाकीच्यांचे आकडे तालुकावार देईन, गल्लीवार नाही. आणि एखादी बाई फोन करून म्हणाली की माझं नाव त्या यादीत आहे, ते बाहेर येणार का, तर तिला एका शब्दात नाही म्हणता आलं पाहिजे, अशा बेताने सगळं काम आखेन.