पाण्याचा हिशेब जमलेले दुपारचे जेवण

सँडविच आणि सॅलड एवढेच देणाऱ्या शाकाहारी उपाहारगृहांकडे मी आजवर तडजोड म्हणूनच पाहत आले आहे. वेळ कमी असतो, दुपारच्या कामाआधी पोट जड करायचे नसते, म्हणून आपण तिथे शिरतो आणि बहुतेक वेळा भिजून मऊ पडलेला ब्रेड आणि तळाशी पाणी साठलेला सॅलडचा वाडगा कसाबसा संपवून बाहेर पडतो. गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याबरोबर ज्या छोट्याशा उपाहारगृहात मी जेवले, तिथे यातले काहीच झाले नाही. असे का झाले नाही, हे गल्ल्यासमोर उभे राहून नीट पाहता आले, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहावेसे वाटते.

फळ्यावर सहा सँडविचे, चार सॅलड आणि दिवसाचे एक सूप, इतकेच पदार्थ लिहिलेले होते. यादी लहान असली की चिरलेली भाजी त्याच दिवशी संपते, त्यामुळे मला ती पाहूनच बरे वाटले. काचेमागे थंड ठेवलेल्या खोलगट भांड्यांत भाज्या, कडधान्ये आणि पाने वेगवेगळी मांडलेली होती आणि आपण सांगितल्यावरच पदार्थ करायला घेतला जात होता. यात पाच-सहा मिनिटे जातात. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी शेजारच्या शीतकपाटात तयार सँडविचांची खोकी ठेवलेली होती. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

मी भाजलेली ढोबळी मिरची, टोमॅटो आणि हमस, म्हणजे काबुली चण्यांचे वाटण, घातलेले सँडविच मागितले. टोमॅटो, काकडी आणि लेट्यूस या तिन्हींच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणीच असते आणि शाकाहारी सँडविच बिघडते ते मुख्यतः या पाण्यामुळे. इथे टोमॅटोच्या चकत्या आधीच कापून, मीठ भुरभुरून स्वच्छ कापडावर पसरून ठेवल्या होत्या. मिठाने सुटलेले पाणी कापडात उतरत होते आणि चकतीत राहणारी चव त्यामुळे दाट होत होती. पाण्याची दुसरी वाट अडवली होती ती हमसने. सँडविच करणाऱ्या मुलीने दोन्ही कापांच्या आतल्या बाजूला ते अगदी कडेपर्यंत पसरले, मध्येच एक गोळा ठेवून दिला नाही. हमसमधल्या तिळाच्या पेस्टमध्ये आणि ऑलिव्ह तेलात जी स्निग्धता असते ती ब्रेडच्या छिद्रांवर थर धरते आणि पाणी आत मुरू देत नाही. लोणी लावण्यामागेही चवीइतकेच हे कारण असते. त्यावर पाने, मग मिरची आणि टोमॅटो सर्वांत मध्ये, म्हणजे ओला जिन्नस ब्रेडपासून शक्य तितका दूर, असा क्रम तिने लावला. एवढ्या बारकाईने कोणी एक सँडविच बांधताना पाहिले की आपल्याला त्या माणसाविषयी आदर वाटू लागतो.

ब्रेड आंबवणाचा होता, जाड सालीचा, किंचित आंबट चवीचा. त्याचे काप तव्यावर फक्त आतल्या बाजूने भाजलेले होते, आणि या एका निर्णयासाठी मी या जागेला पैकीच्या पैकी गुण देईन. बाहेरची बाजू मऊ राहिल्याने टाळूला खरचटत नाही आणि आतली कोरडी, तांबूस बाजू सारण पेलते. तो तांबूस रंग आणि त्याबरोबर येणारा खमंगपणा पृष्ठभाग सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावर प्रथिने आणि शर्करा यांच्या संयोगातून झपाट्याने तयार होतो. तवा पुरेसा तापलेला नसेल तर ब्रेड नुसता वाळतो, भाजला जात नाही. इथे तो नीट भाजलेला होता.

शीतकपाटातल्या खोक्यांचा अनुभव मात्र वेगळा आला. माझ्या सहकाऱ्याला घाई होती म्हणून त्याने चीज आणि काकडीचे तयार सँडविच उचलले, आणि पहिल्याच घासाला त्याचा चेहरा उतरला. ब्रेड चिवट आणि भुसभुशीत एकाच वेळी झाला होता. ब्रेड शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे, असा आपला समज असतो; प्रत्यक्षात भाजताना मऊ झालेला पिठातला स्टार्च थंड होत जाताना पुन्हा स्फटिकरूप घेऊ लागतो आणि ही क्रिया शीतकपाटाच्या तापमानाला सर्वांत वेगाने चालते. बाहेर फडक्यात गुंडाळलेला ब्रेड दुसऱ्या दिवशी चांगला लागेल, गोठवून ठेवलेला त्याहूनही जास्त दिवस टिकेल, पण शीतकपाटात त्याची रया जाते. चिरलेली भाजी आणि चीज थंड ठेवणे सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे, त्यामुळे तयार सँडविचांचा हा पेच सहज सुटणारा नाही. तरीही जे लोक टोमॅटोचे पाणी काढण्याची तसदी घेतात त्यांनी ही खोकी ठेवूच नयेत, असे मला मनापासून वाटते.

सँडविच या शब्दाची आजवर सापडलेली सर्वांत जुनी लेखी नोंद एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या १७६२ सालच्या दैनंदिनीत आहे, आणि सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू यांच्यावरून ते नाव पडले, असे मानले जाते. तेव्हा ब्रेडच्या दोन कापांमध्ये असे ते थंड मांस. हे इथे आठवायचे कारण असे की पुष्कळ ठिकाणी शाकाहारी सँडविच आजही त्याच घडणीतून मांस वगळून केले जाते, आणि मधली पोकळी चीजच्या चकतीने भरली जाते. मग घासाला ना दात लावण्याजोगे काही उरते, ना त्याने भूक भागते. या उपाहारगृहात भाजीलाच मुख्य जागा दिलेली जाणवली. मिरची साल काळी पडेपर्यंत भाजून, सोलून, तिच्याच रसात मुरवलेली होती. तिच्यात गोडवा होता, धुराचा वास होता आणि चावताना गर लागत होता.

सॅलडकडे वळायचे तर आम्ही काबुली चणे, बीट आणि पानांचे सॅलड दोघांत घेतले, आणि माझ्या मते तेच या जेवणातले सर्वांत उत्तम ठरले. या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या मीठ या अर्थाच्या शब्दात आहे, आणि मीठ कधी घालायचे हे ज्याला कळले त्याला निम्मे सॅलड आले असे समजावे. पाने थंडगार पाण्यात बुडवून, मग फिरत्या जाळीत गरगर फिरवून कोरडी केली जात होती. थंड पाण्यात पेशी पाणी ओढून पुन्हा ताठ होतात, त्यामुळे पान चावताना कुरकुरते. आणि ते वरून कोरडे असले तरच ड्रेसिंग त्याला धरून राहते, नाहीतर ओल्या पानावरून तेल घसरून तळाशी जाते. ड्रेसिंग तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर या रूढ प्रमाणातले असावे, असा चवीवरून माझा अंदाज आहे. त्यात मोहरीची पेस्ट होती. मोहरी तिखटपणासाठी तर असतेच, पण तेल आणि आम्ल एकमेकांपासून लगेच फुटून वेगळे होऊ नये म्हणूनही ती लागते. मीठ आणि ड्रेसिंग दोन्ही वाडगा आमच्या हाती देण्याच्या अगदी आधी घातले गेले. पानांवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यातून तेल आत शिरले की पान काही मिनिटांतच मलूल पडते, म्हणून ही शेवटच्या क्षणाची शिस्त महत्त्वाची.

चणे मात्र याच्या उलट आधीपासून, गरम असतानाच लिंबाच्या रसात आणि तेलात घोळवून ठेवले होते, कारण गरम कडधान्य चव आत ओढून घेते. ते बोटांनी चिरडण्याइतके मऊ होते आणि तरीही अख्खे होते. बीट वेगळे ठेवून शेवटी वर मांडले होते, त्यामुळे सगळा वाडगा लालभडक झाला नाही.

अशा जेवणाने पोट भरते का, हा प्रश्न माझ्या सहकाऱ्याने बसल्याबसल्याच विचारला होता. शिजवलेल्या काबुली चण्यांत दर १०० ग्रॅममागे सुमारे ९ ग्रॅम प्रथिने असतात, आणि गव्हात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल कडधान्यात भरपूर असल्याने ब्रेड आणि चणे एकमेकांची उणीव भरून काढतात. ढोबळी मिरचीतल्या जीवनसत्त्व क मुळे चण्यांतले लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. पाने आणि गाजर यांतली कॅरोटिनॉइड्स ही रंगद्रव्ये शोषली जायला मात्र स्निग्धता लागते, म्हणून शेजारच्या टेबलावर कोणी बिनतेलाचे ड्रेसिंग मागत होते तेव्हा मला हळहळ वाटली. संध्याकाळी सहापर्यंत आम्हा दोघांनाही भूक लागली नाही.

ज्या गोष्टीमुळे या जागेवर माझा विश्वास बसला, ती शाकाहाराविषयीची तिथली काटेकोर वृत्ती. सॅलडच्या जगात मासे आणि मांस अनेकदा न दिसता शिरतात. पारंपरिक पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विकराने, विरजले जाते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये सहसा अँकोव्ही मासे असतात, आणि ते थेट घातले नाहीत तरी वूस्टरशायर सॉसमधून येऊ शकतात. मी चीजविषयी विचारले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी ते सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे असल्याचे सांगून वेष्टनच समोर धरले, आणि सीझरला खारट चव केपर्समधून, म्हणजे खारवलेल्या फुलकळ्यांतून, दिली असल्याचेही सांगितले. काहींना न चालणारे तीळ, सुका मेवा आणि ग्लूटेन हे गव्हातले प्रथिन यांचा उल्लेख प्रत्येक पदार्थापुढे होता. ग्लूटेनविरहित ब्रेड मिळतो, पण तो त्याच फळीवर आणि त्याच सुरीने कापला जातो, त्यामुळे सीलिॲक आजार असलेल्यांनी, म्हणजे ज्यांना ग्लूटेन अजिबात चालत नाही त्यांनी, तो घेऊ नये, हेही त्यांनी न विचारता बजावले. एक गिऱ्हाईक गमावण्याची तयारी ठेवून दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटले.

उणिवाही होत्या. टोमॅटोचे सूप कोमट आले; गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राखायला हवेत, आणि चवीच्या दृष्टीनेही कोमट सूपला अर्थ नसतो. सांगितल्यावर त्यांनी ते लगेच बदलून दिले. फळांच्या वाडग्यातली सफरचंदे तपकिरी पडली होती, ज्यावर थोडा लिंबाचा रस पुरला असता. बसायला जागा अपुरी आहे आणि ताटे ठेवण्याचा आवाज कानांवर आदळतो, तेव्हा निवांत बोलायचे असेल तर गर्दी ओसरल्यावरच जावे.

निघताना मी रात्रीसाठी तेच सॅलड बांधून मागितले. ड्रेसिंग वेगळ्या छोट्या डबीत, चणे तळाशी, पाने सर्वांत वर आणि त्यांवर कागदाची कोरडी घडी, असे ते त्यांनी न सांगता भरून दिले. रात्री नऊ वाजता डबा उघडला तेव्हा कागद दमट झाला होता आणि पाने अजून ताठ होती.