चेरी की क्रिस्टल? सोलापुरात शोभेची कोळंबी पाळू पाहणाऱ्यांसाठी

मासे पाळून झाल्यावर ज्याचे मन कोळंबीकडे वळते, त्याच्यासमोर सोलापुरात बहुतेक वेळा दोनच नावे येतात. एक नियोकॅरिडिना वंशातली चेरी, म्हणजे लाल, पिवळी किंवा निळी. आणि दुसरी कॅरिडिना वंशातली तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची क्रिस्टल. मी चेरी पाच वर्षे पाळतो आहे आणि त्यांपैकी अडीच वर्षे शेजारच्या टाकीत क्रिस्टलही होत्या. दोन्हींची पिल्ले माझ्या घरात वाढली आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः या दोन टाक्यांसमोर बसून पाहिलेले आहे.

या निवडीत आयातीवरील निर्बंधांचा विचार आधी करावा असे मला वाटते, कारण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. कोळंबीला होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग १९९४-९५ च्या सुमारास आपल्या किनारपट्टीवर पोहोचला आणि त्याने कोळंबी-शेती करणाऱ्यांचे अतोनात नुकसान केले. आज शेतीसाठी लागणारी वेनामेई या जातीची जनक कोळंबीसुद्धा चेन्नईजवळच्या नीलंकरई येथील विलगीकरण केंद्रातून तपासूनच देशात येते. ऑस्ट्रेलियात तर गोड्या पाण्यातली शोभेची कोळंबी बाहेरून आणण्यास पूर्ण मनाई आहे आणि तिथले छांदिष्ट देशात जे आहे त्याचीच पैदास करतात. हे निर्बंध मला जाचक वाटत नाहीत. ज्यांचे पोट कोळंबीवर आहे त्यांच्यापुढे आपल्या हौसेने मागेच उभे राहिले पाहिजे. मात्र त्याचा अर्थ असा की आपल्या टाकीतली वस्ती मेली, तर तैवान किंवा जपानहून नवी सहजासहजी येणार नाही. ती देशातल्याच एखाद्या पैदासकाराकडून, पार्सलने, प्रवासाचा ताण सोसून येईल. म्हणून कोळंबी निवडताना ‘कोणती अधिक सुंदर’ यापेक्षा ‘कोणती माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकेल’ हा प्रश्न मला मोठा वाटतो.

सौंदर्याच्या बाबतीत क्रिस्टल सरस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. जपानमध्ये हिसायासू सुझुकी यांना ‘बी’ (म्हणजे मधमाशी) नावाच्या काळ्या पट्ट्यांच्या कोळंब्यांत अचानक उपजलेल्या मोजक्या लाल कोळंब्या आढळल्या आणि त्यांच्यापासून निवड करत त्यांनी हा वाण घडवला. दुधासारखा घट्ट पांढरा आणि कुंकवासारखा तांबडा हे दोन रंग हिरव्या मॉसवर सरकताना दिसले की घरी आलेला पाहुणा आधी त्याच टाकीपाशी जातो. पण ज्या वाणाचे मूळच इतक्या थोड्या जिवांत आहे, त्यात नवे रक्त सतत मिसळावे लागते. आयात सोपी नसताना ते मिळवणे अवघड होते. माझ्या तिसऱ्या-चौथ्या पिढीत अंड्यांची संख्या कमी होत गेली आणि पिल्ले नाजूक निघू लागली, असे माझे निरीक्षण आहे.

तरीही मी क्रिस्टल सोडल्या त्या या कारणाने नव्हे. मला नमवले ते पाण्याने.

क्रिस्टलला मऊ आणि किंचित आम्ल पाणी लागते, म्हणजे आरओचे पाणी घेऊन त्यात मोजून क्षार मिसळणे आले. शिवाय तापमान २४ अंशांच्या आत राहिले तर ती खुश असते. सोलापूरचा मे महिना चाळिशीच्या वर जातो, म्हणून मी टाकीवर छोटा पंखा लावला. आपली हवा कोरडी असल्यामुळे पंख्याने पाणी तीन-चार अंशांनी थंड होते खरे, परंतु ते थंड होते बाष्पीभवनाने, आणि माझ्या साठ लिटरच्या टाकीतले दीड लिटर पाणी रोज उडून जाऊ लागले. उडते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. त्यामुळे वरून भरायचे पाणीही आरओचेच हवे. भर घालणे आणि पाणी बदलणे मिळून आठवड्याला सोळा लिटर आरओ लागत असे, आणि माझे घरगुती यंत्र एका लिटरमागे जवळपास तीन लिटर पाणी बाहेर टाकत असे. म्हणजे आठवड्याला सुमारे चार घागरी पाणी केवळ या एका टाकीपायी मोरीकडे निघे. ज्या घरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि पाणी आले की पहाटे उठून पिंप, हंडे, कळश्या भरल्या जातात, तिथे हे कोणाच्या डोळ्यांआड राहत नाही. टाकाऊ पाण्याने फरशी पुसून पाहिली, झाडांना घालून पाहिले. तुळशीची पाने कडेने करपू लागली तेव्हा तेही थांबवले. आई काही बोलली नाही, पण पाणी भरताना माझ्या वाटचे एक पिंप तिने वेगळे ठेवायला सुरुवात केली, आणि मला ते फार लागले.

पुढच्याच मे महिन्यात नळाचे पाणी दोन दिवस लांबले. आरओचा साठा संपला होता, म्हणून निरुपायाने बोअरचे जड, क्षारांचे पाणी थोडे थोडे घातले. आठवड्याभरात क्रिस्टल कात टाकताना अडकून मरू लागल्या; मानेमागे कवचाला गोल पांढरे कडे दिसे आणि ती कोळंबी दुसऱ्या दिवशी आडवी पडलेली असे. चाळीसपैकी सात उरल्या. शेजारच्या चेरींनाही तेच पाणी मिळाले होते आणि तिथले तापमान तर तीस अंशांवर गेले होते. दोन माद्यांनी अंडी टाकून दिली आणि महिनाभर पैदास थंडावली, एवढेच. पावसाळा लागताच पुन्हा पोटाखाली अंडी दिसू लागली.

चेरीतही उणिवा आहेतच. दोन रंग एकत्र ठेवले तर काही पिढ्यांत मातकट, जंगली रंगाची प्रजा होते. फिकट पिल्ले वेळोवेळी वेगळी काढली नाहीत तर लालही उतरत जातो. आणि तिचा काटकपणा हीच तिची जोखीम आहे. जर्मनीत वीजकेंद्राच्या कोमट पाण्यामुळे उबदार राहणाऱ्या गिलबाख ओढ्यात सोडून दिलेल्या चेरींची वस्ती वाढली आहे. आपल्याकडे तर पाणी मुळातच उबदार, म्हणून जास्तीची चेरी संभाजी तलावात किंवा हिप्परग्याला कधीही सोडू नये. दुसऱ्या छांदिष्टाला द्यावी.

ज्यांच्या घरी पाणी मुबलक आहे, टाकीची खोली उन्हाळाभर वातानुकूलित राहते आणि वीज सहसा जात नाही, त्यांनी क्रिस्टल जरूर पाळावी. त्यांचा अनुभव माझ्याहून वेगळा असू शकेल. मात्र एसीतून ठिबकणारे पाणी मऊ असते म्हणून ते टाकीत वापरू नये. त्यात तांब्याच्या नळ्यांतले तांबे उतरलेले असू शकते आणि कोळंबीला ते विष आहे.

इतरांना मी एकाच रंगाच्या पंधरा-वीस चेरी सुचवीन. शक्यतो सोलापूर किंवा पुण्यातल्या पैदासकाराकडून घ्याव्यात, म्हणजे प्रवास थोडा होतो. खरेदी गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे, जानेवारीत करावी. तेव्हा सोडलेल्या कोळंब्यांना उन्हाळ्याआधी एक वीण घालायला वेळ मिळतो आणि इथल्याच पाण्यात जन्मलेली पिल्ले मे महिना अधिक सहजपणे काढतात. दोन वर्षांतून एकदा दुसऱ्या गावच्या छांदिष्टाशी दहा-बारा कोळंब्यांची अदलाबदल करावी. मी माझ्या लाल चेरी लातूरच्या एका स्नेह्याकडच्या चेरींशी बदलतो. त्याच्याकडचे पाणीही आमच्यासारखेच जड आहे.